मेळा बाजारातच भरू द्या

संक्रांत आली. आपल्याकडे घराघरांत तिळाचे लाडू वळून झाले, गुळपोळीचे सारण तयार आहे. तिकडे बंगालमध्ये याच दिवशी पौष संक्रांत. तांदळाचे पीठ, खोवलेला नारळ आणि खजुराच्या रसाचा नवा गूळ, ज्याला तिथे नोलेन गुर म्हणतात, यांतून पिठे, पुली आणि पाटीसापटा असे गोड पदार्थ होतात. हा गूळ फक्त थंडीत मिळतो. म्हणून बंगाली माणूस या दोन-अडीच महिन्यांची वाट आपण आंब्याची पाहतो तशी पाहतो. आणि याच दिवसांत कलकत्त्याच्या उत्तरेला, डमडमच्या परिसरातही, मैदानांवर मांडव उभे राहतात. कुठे फुलांचे प्रदर्शन, कुठे पुस्तकांचा मेळा, कुठे पिठे-पुली उत्सव, कुठे सरळ खाद्यमेळा.

अशा प्रत्येक मेळ्याच्या उद्घाटनात एक वाक्य ठरलेले असते: मेळ्यामुळे स्थानिक धंद्याला चालना मिळते. पुण्या-मुंबईपासून नाशिक-पणजीपर्यंत आपणही ते दर हिवाळ्यात ऐकतो. ते खरे आहे का, हे एकदा नीट तपासावे असे आम्हांला वाटते, आणि तपासायला डमडमसारखे गाव नाही.

मराठी माणसाला डमडम ठाऊक आहे ते विमानतळामुळे. त्याआधी ते ठाऊक होते दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे. शरीरात शिरल्यावर पसरणारी ‘डमडम गोळी’ तिथलीच, आणि १८९९ च्या हेग परिषदेने तिच्यावर बंदी घातली. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९२८ मध्ये इथे आला. आपल्या आजोबांनी जपून ठेवलेल्या कित्येक तबकड्या या गावात घडल्या आहेत. पुढे तबकड्यांचा काळ संपला, जेसॉपच्या कारखान्याचे भोंगेही थांबले. कारखाने बंद पडले की रस्त्याकडेच्या कढया वाढतात, हे गिरणगावाने १९८२ च्या संपानंतर पाहिले आहे. घरातला कमावता हात रिकामा झाला की माणूस पहिल्यांदा चुलीकडेच वळतो, कारण त्याला फार भांडवल लागत नाही. नागेरबाजार, गोराबाजार, डमडम रोड, जेसोर रोड इथल्या फुचका म्हणजे पाणीपुरी विकणाऱ्यांकडे, तेलेभाजा म्हणजे भज्यांच्या दुकानांकडे, मातीच्या भांडात चहा देणाऱ्या टपऱ्यांकडे आणि लहानशा मिठाईच्या दुकानांकडे त्या नजरेने पाहायला हवे. मेळ्याचा फायदा ‘गावाला’ होतो असे म्हणताना गाव म्हणजे ही माणसे. मांडव घालणारा कंत्राटदार नव्हे.

मेळ्याची कल्पना कलकत्त्याला नवी नाही, आणि तिचा मूळ हेतू अगदी स्पष्ट होता. नबगोपाल मित्र यांनी १८६७ मध्ये जो चैत्रमेळा सुरू केला, पुढे जो हिंदू मेळा म्हणून गाजला, त्यात देशी कारागिरांचा माल मांडला जाई. टिळक १९०६ च्या जूनमध्ये शिवाजी उत्सवासाठी कलकत्त्याला गेले तेव्हा उत्सवाला जोडून स्वदेशी मेळा होता. विलायती मालाकडे जाणारा पैसा आपल्या कारागिराकडे वळावा, एवढाच त्या मेळ्यांचा हिशेब. लोकांचा नेहमीचा पैसा नवीन ठिकाणी जात होता, म्हणून त्या मेळ्याला अर्थ होता.

हाच प्रश्न आजच्या खाद्यमेळ्याला विचारायला हवा. पैसा कुठून कुठे वळतो?

अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या जॉन क्रॉम्प्टन या अभ्यासकाने उत्सवांचे आणि स्पर्धांचे आर्थिक फायदे कसे फुगवून सांगितले जातात, यावर १९९० च्या दशकात सविस्तर लिहिले. त्यांचे म्हणणे घरातल्या हिशेबाइतके सोपे आहे. गावातल्याच माणसाने मेळ्यात खर्च केलेला रुपया मोजू नका, तो एरवीही गावातच खर्च झाला असता. जो पाहुणा नाहीतरी येणारच होता आणि फक्त तारीख बदलून आला, त्याचाही मोजू नका. जो दुसऱ्याच कामाने आला आणि वाटेत मेळ्यात डोकावला, त्याचाही नाही. उरला तो खास मेळ्यासाठी बाहेरून आलेल्या माणसाचा पैसा. तेवढाच नवा.

ही चाळणी डमडमच्या मैदानावर लावून पाहा. मांडवातली बहुतेक गर्दी मोतीझील, नागेरबाजार, गोराबाजार, डमडम पार्कची. हीच माणसे एरवी संध्याकाळी जेसोर रोडवर रोल खातात, कोपऱ्यावरच्या दुकानातून चार रसगुल्ले बांधून नेतात. चार दिवस ती मैदानावर जातात आणि त्या चार दिवसांत कोपऱ्यावरच्या दुकानातला छेना आंबतो. छेन्याची मिठाई टिकत नाही. ज्या दिवशी गिऱ्हाईक फिरकले नाही त्या दिवसाचा माल बहुतेक वाया जातो. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. थंडीत हीच कुटुंबे पार्क स्ट्रीटला किंवा एखाद्या मॉलमध्ये जाऊन खातात. मेळ्यामुळे ती गावातच राहिली तर तोही फायदाच आहे. पण त्यासाठी मांडवातला स्टॉल गावातल्या माणसाचा असायला हवा.

आणि तिथेच घोडे अडते. समजा, चार दिवसांचे स्टॉलचे भाडे आणि विजेचे पैसे मिळून बारा हजार रुपये झाले. एका द्रोणामागे फुचकेवाल्याला बारा रुपये सुटतात असे धरले, तर नुसते भाडे फिटायला त्याला हजार द्रोण विकावे लागतात, रोज अडीचशे. त्यानंतर मदतनिसाची मजुरी, त्यानंतर घर. हा हिशेब रस्त्यावरच्या एकट्या माणसाला झेपत नाही. झेपतो तो शहरभर शाखा असलेल्या बिर्याणीवाल्याला किंवा आइस्क्रीमच्या कंपनीला, ज्यांना विक्रीपेक्षा पाटी झळकण्याचे मोल जास्त. मग मेळा डमडमचा आणि गल्ला बाहेरचा. गावाच्या वाट्याला येतात उष्ट्या द्रोणांचे ढीग आणि मैदानातले खड्डे.

बंगालमध्येच याच्या उलट चालणारी एक गोष्ट आहे: दुर्गापूजा. राज्याच्या पर्यटन विभागासाठी ब्रिटिश कौन्सिलने केलेल्या अभ्यासात २०१९ च्या पूजेभोवतीची उलाढाल ३२,३७७ कोटी रुपये, म्हणजे राज्याच्या उत्पन्नाच्या २.५८ टक्के, मोजली गेली. त्यात खाण्यापिण्याचा वाटा २,८५४ कोटींचा. ही सगळी रक्कम नव्या पैशाची नाही, कारण पूजेची साडी नाहीतरी घेतली जातेच. तरीही पूजेत रस्त्यावरची कढई रात्रभर उतरत नाही, आणि त्याचे कारण पूजेची रचना आहे. पूजेला प्रवेशद्वार नसते. माणसे एका मांडवातून दुसऱ्या मांडवाकडे चालत जातात, त्या वाटेवर नेहमीची दुकाने असतात, आणि दुकानदाराला आपले दुकान सोडून कुठेही जावे लागत नाही. गिऱ्हाईकच त्याच्या दारावरून जाते.

गर्दी म्हणजेच फायदा, असे मात्र समजू नये. दक्षिण डमडम नगरपालिकेच्या हद्दीतल्या लेक टाउनमध्ये श्रीभूमीच्या मंडळाने २०२१ मध्ये बुर्ज खलिफाच्या प्रतिकृतीचा मांडव उभारला. वैमानिकांच्या तक्रारीनंतर लेसरचा खेळ थांबवावा लागला आणि गर्दी आवरेना म्हणून अष्टमीच्या रात्री मांडव दर्शकांसाठी बंद झाला. जिथे उभे राहायला जागा नाही तिथे माणूस खाणार काय आणि पैसे काढणार कुठून? त्या रेटारेटीत नेहमीचे गिऱ्हाईकही दुकानापर्यंत पोहोचत नाही. धंद्याला गर्दी लागते ती रेंगाळणारी. रेटून पुढे जाणारी गर्दी त्याच्या कामाची नाही.

दुसरा धडा बर्दमानचा. सीताभोग आणि मिहीदाना या तिथल्या दोन मिठायांना २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी शहराबाहेर महामार्गालगत सरकारने ‘मिष्टी हब’ उभे केले. इमारत चांगली, हेतू चांगला. पण गाड्या तिथे थांबेनात, गाळे एकामागून एक बंद पडले, पुन्हा उघडण्याचे प्रयत्न झाले आणि तेही मंदावले. त्याच महामार्गावर थोड्या अंतरावर शक्तीगड आहे. तिथे लांगचा या मिठाईची दुकाने कुणी योजना न आखता ओळीने वाढली, आणि कलकत्त्याकडे जाणारी-येणारी गाडी तिथे आपोआप थांबते. बाजार सवयीने बसतो. फीत कापून तो हलवता येत नाही.

आपल्याकडे पाहिले तर माहीम कोळीवाड्यातला किनाऱ्यावरचा सीफूड प्लाझा आम्हांला सर्वांत समजूतदार वाटतो. स्वयंपाक कोळणींचा, जागा त्यांच्याच वस्तीतली, चालवणारे त्यांचेच बचत गट, आणि खाणारा मुंबईभरातून येणारा. बाहेरचा पैसा, घरचा हात. पणन मंडळ भरवते तो पुण्याचा आंबा महोत्सवही असाच: कोकणातला बागायतदार आपली पेटी घेऊन येतो आणि मधला अडत्या गळतो. नाशिकचा सुलाफेस्ट आकाराने आणि स्वभावाने वेगळा, त्यात पेय आणि संगीत मोठे, पण मुंबई-पुण्याची माणसे खास त्यासाठी येतात, मुक्काम करतात आणि वाइन तिथल्याच द्राक्षांची पितात. या तिन्ही ठिकाणी पैसा बाहेरचा आहे आणि तो पिकवणाऱ्या किंवा रांधणाऱ्या माणसापर्यंत पोहोचतो. हे जुळले की मेळ्याला भाषणाची गरज उरत नाही.

डमडममध्ये हे जुळवता येईल, आणि त्यासाठी नवा कायदाही नको. पथविक्रेता कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यात ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना आहे: जिथे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षे आपोआप जमतात ती जागा. त्यात नगर पथविक्रेता समितीही आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी खुद्द विक्रेत्यांचे असावेत अशी तरतूद आहे. तर मग मेळा मैदानात कशाला? चार संध्याकाळी गोराबाजारातला एखादा रस्ता वाहनांना बंद करा. नवे स्टॉल बांधू नका. जी दुकाने, ज्या हातगाड्या रोज तिथे आहेत त्यांनाच पाणी, दिवे, कचऱ्याचे डबे आणि बसायला बाकडी द्या. भाडे घेऊ नका. कोणाला कुठे जागा, हे समितीतल्या विक्रेत्यांना ठरवू द्या. आसपासच्या घरांतून पिठे करणाऱ्या बायकांना त्याच ओळीत मेज टाकू द्या. त्यांच्या हातचा पाटीसापटा कुठल्याही हॉटेलात मिळत नाही. आणि मेळ्यानंतर महिन्याभराने त्याच दुकानदारांना विचारा: नवे गिऱ्हाईक परत आले का? मेळ्याचा फायदा मोजायचा तर तो त्या उत्तरात मोजावा, फाटकावरच्या गर्दीत नव्हे.

बाहेरच्या माणसाचा प्रश्न उरतो, आणि तिथे डमडमचे नशीब यंदा उघडले आहे. कलकत्ता विमानतळावरून वर्षाला दोन कोटींच्या आसपास प्रवासी ये-जा करतात. आजवर त्यांनी डमडम पाहिले ते टॅक्सीच्या काचेतून. विमानतळाच्या आत डिसेंबर २०२४ मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला, दहा रुपयांत चहा मिळू लागला. प्रवाशाची सोय झाली, पण तो चहाही भिंतीच्या आतला. २२ ऑगस्ट २०२५ ला मात्र विमानतळाला मेट्रो जोडली गेली. तो मार्ग डमडमच्या अंगणातून जातो, आणि ही मेट्रो सुरू झाल्यानंतरचा हा पहिला हिवाळा आहे. दक्षिण कलकत्त्यातल्या माणसालाही, नोआपाड्याला गाडी बदलून, आता गोराबाजार तेवढा दूर राहिलेला नाही. नगरपालिकांनी या वर्षीच्या मेळ्याचा विचार मैदानाचा नकाशा समोर ठेवून करू नये, मेट्रोचा नकाशा समोर ठेवून करावा.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळजण कामानिमित्त कलकत्त्याला जातात. पुढच्या वेळी उतरलात की टॅक्सीच्या रांगेत उभे राहू नका. विमानतळाच्या जय हिंद स्थानकावरून मेट्रो घ्या. पहिले स्थानक जेसोर रोड, दुसरे डमडम कॅन्टोन्मेंट. तिथे उतरा. गोराबाजार जवळच आहे, आणि नोलेन गुर फेब्रुवारीपर्यंत मिळतो.