लगाम कोणास घालावयाचा?

महाराष्ट्राच्या इतिहासाशी घोड्याचा जितका निकट संबंध आहे तितका क्वचितच दुसऱ्या प्राण्याचा असेल. शिलेदार, बारगीर, पागा, भीमथडीची तट्टे हे शब्द कानी पडताच आमची छाती अद्याप फुगते, आणि वीरपुरुषाचा पुतळा उभारावयाचा झाला की तो अश्वारूढच असावा असा आमचा आग्रह असतो. परंतु ज्याच्या पाठीवर हा सारा अभिमान स्वार झाला आहे त्या मुक्या जनावराच्या तोंडात आम्ही काय कोंबतो, हे पाहण्याची तसदी आमच्यापैकी किती जण घेतात? वरातीच्या घोडीची झूल आणि गोंडे सर्वांस दिसतात. तिच्या ओठांआड दडलेले लोखंड मात्र नवरदेवासही दिसत नाही व वऱ्हाड्यांसही दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या लोखंडासंबंधानेच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

लगामाची जी सळई घोड्याच्या तोंडात बसते ती गुळगुळीत असावी, हे सांगण्याची गरज पडू नये. परंतु आमच्या देशात तिच्यावर टोकदार काटे बसविण्याची दुष्ट चाल पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. वाग ओढली की हे काटे जिभेत, ओठांत व हिरडीत रुततात, आणि त्या वेदनेच्या धाकाने घोडा थांबतो अथवा वळतो. दिल्लीसारख्या राजधानीच्या शहरात वरातीच्या व टांग्याच्या घोड्यांच्या तोंडांतून असले लगाम प्राणिरक्षक मंडळींनी काढून घेतलेले आहेत. कोणी म्हणेल, याविरुद्ध कायदा करावा. कायदा केव्हाच झालेला आहे! ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसंबंधी १९६५ साली जे नियम झाले त्यांतील आठव्या नियमाने काटे, गाठी किंवा टोके असलेला लगाम वापरण्यास स्पष्ट मनाई केली आहे. म्हणजे जो गुन्हा साठ वर्षांपूर्वी कागदावर नष्ट झाला तो रस्त्यावर राजरोस चालू आहे.

घोड्याच्या मुखाची रचना ज्यास ठाऊक आहे त्यास ह्या क्रौर्याचे स्वरूप निराळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढचे दात व दाढा यांच्या मध्ये त्याच्या जबड्यात एक मोकळी जागा असते. लगामाची सळई तेथेच बसते. ह्या ठिकाणी हाडावर मांसाचा थर जवळजवळ नसतोच. पातळ हिरडी आणि तिच्याखाली हाडाची निमुळती कड, एवढेच काय ते असते. जिभेची संवेदना तर सर्वांस ठाऊकच आहे. लगामास बाजूच्या लांब दांड्या असल्या तर त्या तरफेसारखे काम करितात, आणि हातातील थोडीशी ओढ तोंडात पोचेपर्यंत कित्येक पटींनी वाढते. सळई जाड असली की ती सौम्यच, हा समजही पुरता खरा नाही. जीभ व टाळू यांच्यामध्ये जागा थोडी असल्यामुळे फार जाड सळईनेही घोडा गुदमरल्यासारखा होतो. यास्तव प्रत्येक घोड्याचे तोंड पाहून, दाढांच्या धारदार कडा पशुवैद्याकडून घासवून घेऊन, मगच त्याच्या मापाचा लगाम निवडला पाहिजे. शेजाऱ्याच्या घोड्याचा लगाम आपल्या घोड्यास चढविणे म्हणजे शेजाऱ्याचा जोडा आपल्या मुलाच्या पायात कोंबण्यासारखेच होय.

यावर घोडेवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे: काटे काढले तर जनावर आवरणार नाही, आणि रस्त्यावर कोणाचा जीव गेला तर जबाबदार कोण? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. घोडा हा जात्या पळणारा प्राणी आहे. भय अथवा वेदना यांपासून दूर पळणे हेच त्याचे रक्षणाचे साधन. ज्याच्या तोंडातच वेदना बांधली आहे तो पळून जाणार कोठे? तो मान झटकतो, जबडा वासतो, जीभ सळईवरून वर घेतो, आणि शेवटी वेदना असह्य झाली म्हणजे उधळतो. त्यावर मालक आणखी तीक्ष्ण लगाम आणितो! जखमेवर जखम होऊन तोंडाची कातडी निबर झाली की मग ‘हे जनावर तोंडाचे कठीण आहे’ असा ठपका पुन्हा त्या जनावरावरच. ‘घोडा का अडला?’ या जुन्या प्रश्नाचे ‘न फिरविल्याने’ हे जुनेच उत्तर येथेही खरे आहे. शिक्षण दिले नाही, ते काम लोखंडाकडून करून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

कोणी प्राचीनतेचा आधार घेतील. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नामक ग्रीक सेनानीने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. त्यात गुळगुळीत लगामाबरोबर खरखरीत लगामाचेही वर्णन आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सक्तीने करविलेल्या हालचालीत समज नसते आणि सौंदर्यही नसते, हेही त्याच ग्रंथकाराने सांगून ठेविले आहे. पूर्वजांचे खरखरीत लोखंड तेवढे उचलावयाचे व त्यांचा शहाणपणा टाकावयाचा, ही निवड कोणत्याही देशात शोभणारी नाही.

तथापि हा दोष केवळ गरीब टांगेवाल्याचा व अडाणी घोडेवाल्याचा आहे असे मानून सुशिक्षितांनी समाधान मानू नये. फिनलंडमध्ये शर्यतीच्या २६१ घोड्यांची तोंडे धावेनंतर तपासली, तेव्हा लगाम बसतो त्या भागात ताज्या जखमा असलेले घोडे शेकडा ८४ निघाले. हा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. तोंडाबाहेर रक्त दिसलेले घोडे मात्र अगदी थोडे होते. अर्थात रक्त दिसत नाही म्हणून जखम नाही, हा युक्तिवाद तेथेच संपला. नाकावरचा पट्टा इतका आवळावयाचा की घोड्यास तोंड उघडताच येऊ नये, आणि मग तो शांत आहे म्हणून त्याची वाखाणणी करावयाची, ही उच्चभ्रू स्वारांची रीत म्हणजे अक्षरशः तोंड दाबून बुक्क्यांचा मार होय. काटे नसलेला लगामही अडाणी हातात काटेरीच ठरतो.

मग उपाय कोणता? घोडेवाल्याचे पोट घोड्यावर आहे, आणि ज्यास दोन वेळची चंदी परवडत नाही त्यास नुसता उपदेश करून भागणार नाही. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा निर्णय देताना त्यांवर जगणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचाही विचार करावयास सरकारास सांगितले; हीच दृष्टी येथे हवी. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे मोटारीस बंदी असल्यामुळे प्रवासी व सामान यांचा भार घोड्यांनी वाहिला आहे, तेथे परवान्याच्या वेळी खुरांबरोबर तोंडही तपासले जावे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात काटेरी लगाम आणून देईल त्यास गुळगुळीत लगाम फुकट मिळावा. हा खर्च फार मोठा नाही. जो एवढे करूनही ऐकणार नाही त्यास मात्र शासन झालेच पाहिजे. आणि १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यास ठरविलेला दहा ते पन्नास रुपये दंड हे शासन नसून थट्टा आहे. तो वाढविल्यावाचून आठव्या नियमास दात फुटणार नाहीत.

परंतु सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय गिऱ्हाइकाच्याच हाती आहे. वरातीसाठी घोडी ठरविणाऱ्या वधूवरांच्या वडीलमंडळींनी, आणि मुलास घोड्यावर बसविणाऱ्या प्रत्येक आईबापांनी, पैसे देण्यापूर्वी मालकास लगाम दाखविण्यास सांगावे. काटे दिसले, ओठांच्या कोपऱ्यांत जखम दिसली, तर त्या घोड्यावर बसू नये, आणि का बसलो नाही हे मालकास मोकळेपणी सांगावे. पुढल्या हंगामात बाजारातील काटेरी लगाम आपोआप कमी होतील. घोड्यास लगाम लागतो हे आम्हांस मान्य आहे. पण त्याआधी स्वाराच्या हातास, मालकाच्या घाईस व आमच्या बेफिकिरीस तो घातला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.