हस्तकलेचे पहिले पाठ घरच्या जिनसांवर

१९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा खेड्यात भरणाऱ्या त्या पहिल्याच अधिवेशनाच्या सजावटीसाठी महात्मा गांधींनी शांतिनिकेतनातील चित्रकार नंदलाल बोस यांना पाचारण केले आणि साहित्य आसपासच्या मुलखातील व कारागीरही तेथलेच असावेत, असा आग्रह धरला. बांबूसारख्या साध्या जिनसांतून उभारलेल्या त्या नगरीने जो धडा दिला, तो खानदेशातील आजच्या घराघरांत पुन्हा गिरवला जावा, असे मला मनापासून वाटते.

मुलांना हस्तकला यावी ही इच्छा आज जळगाव-धुळ्यातील पालकांच्या ठायी नाही असे नाही. परंतु ती पुरी करण्याचा जो मार्ग रूढ झाला आहे, तो बाजारातून तयार साहित्याची पेटी आणण्याचा. त्या पेटीतले तुकडे आधीच कापलेले, रंग आधीच ठरलेले आणि चुकण्याची वाट आधीच बंद केलेली असल्यामुळे, वस्तू देखणी झाली तरी मुलाच्या हाताला विद्या म्हणून काही प्राप्त होत नाही. शाळेचा प्रकल्प दुकानातून करवून घेण्याची प्रथा तर याहून घातक. कारण तीत मुलाच्या वाट्याला श्रम येत नाहीत, केवळ गुण येतात.

खऱ्या शिक्षणास लागणारे द्रव्य आपल्या उंबरठ्याशी आहे. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत केळीचा घड उतरला की त्या खोडाला पुन्हा घड धरत नाही, म्हणून ते तोडले जाते. पण त्याच खोडाची आवरणे सोलून, बोथट पात्याने त्यांतील गर खरवडून काढला असता जे लखलखीत तंतू हाती येतात, ते धुऊन वाळवले म्हणजे त्यांची वेणी, दोरी, आसन, पिशवी असे कितीतरी प्रकार करता येतात. तंतू किती ताणला म्हणजे तुटतो, हे ज्या मुलाने स्वतःच्या बोटांनी अनुभवले, त्याला पदार्थाच्या गुणधर्माचा पाठ निराळा द्यावा लागत नाही.

गोधडीचेही तसेच. जुनी लुगडी आणि धोतरे यांचे थर जमिनीवर ताणून अंथरावेत, सुरकुती राहू देऊ नये, आणि कडेपासून आत आत येत धावदोऱ्याच्या समांतर ओळी घालाव्यात, या क्रियेत भूमितीही आहे, चिकाटीही आहे आणि गेलेल्या माणसांच्या वस्त्रांविषयीचा जिव्हाळाही आहे. पोळ्याचा मातीचा बैल, गुलाबाईची आरास, कानबाईसाठी सजवलेला नारळ, ही सारी आपल्या घरांतील कलाशिक्षणाची सणवारी वेळापत्रकेच होत. बाजाराच्या तयार मालाने ती हळूहळू पुसली जात आहेत.

कोणी म्हणेल, स्वस्त वस्तू मिळत असता एवढा वेळ का दवडावा? या आक्षेपात वस्तूचा हिशेब आहे, माणसाचा नाही. फैजपूरनंतर वर्षाच्या आतच, १९३७ च्या ऑक्टोबरात, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाच्या द्वारा शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला, त्याचे मर्म हेच होते की, हात शिकतो तेव्हा बुद्धीही शिकते. मोबाइलवरील चित्रफितीतून कृतीचा क्रम अवश्य कळावा. पण मातीत पाणी किती घालावे, हे मातीत हात घातल्यावाचून कळत नाही.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षण खात्यांनी कार्यानुभवाच्या तासाला विकतची वस्तू स्वीकारू नये, आणि गोधडी शिवणाऱ्या वृद्धा, टोपल्या विणणारे कारागीर व कुंभार यांना मानधन देऊन शाळेत आदरपूर्वक बोलावण्याची तजवीज करावी. पालकांस माझी विनंती याहून साधी आहे: येत्या दिवाळीच्या सुटीत मुलांसाठी काही विकत आणण्यापूर्वी घरातील जुने कापड, शेतातील खोड आणि आजीचा एक दुपारचा वेळ त्यांच्या स्वाधीन करा, आणि पहिली वस्तू वाकडी झाली तरी ती दुसऱ्या कोणाकडून सरळ करून घेऊ नका.