औषधास विश्रांती दिल्याने बुरशी विसरते काय?

भुईमुगावर टिक्क्याचे ठिपके दिसताच कार्बेन्डाझिम फवारण्याची सवय आता जुनी झाली आहे. औषध लागू पडेनासे झाले तर दोन-तीन हंगाम ते बंद ठेवावे, म्हणजे त्याचा गुण परत येतो, अशी एक समजूत आढळते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तिला दुजोरा देऊ नये.

उत्तर ग्रीसमध्ये शर्कराकंदाच्या पानांवरील ठिपक्यांवर बेनोमिल प्रथम उत्तम लागू पडले. १९७२-७३ च्या सुमारास ते निरुपयोगी ठरले. वापर थांबविल्यावरही प्रतिकारक्षम बुरशी शेतात टिकून राहिली. टिक्क्याची बुरशी तिच्या जवळच्या नात्यातील होय. त्याच दशकात अमेरिकेतील अलाबामा व जॉर्जिया राज्यांत भुईमुगावरही बेनोमिल हरले. भारतात बेनोमिलवर २०१८ पासून बंदी आहे. परंतु त्यापासून कार्बेन्डाझिमच बनते, आणि थायोफॅनेट-मिथाइलचेही तसेच. डब्यावरील नाव बदलले म्हणून औषध बदलत नाही.

फवारणीमुळे बुरशीच्या अंगी नवे बळ येते असे नव्हे. असंख्य बीजाणूंपैकी एखाद्याच्या एका प्रथिनातील एकच घटक आधीपासून बदललेला असतो. औषधाने त्याचे भाऊबंद मरतात व त्याला रान मोकळे मिळते. औषध थांबल्यावर हा वंश दुबळा ठरतो काय, हा खरा प्रश्न आहे. युरोपातील द्राक्षमळ्यांत करड्या बुरशीवर इप्रोडिओनच्या वर्गातील औषधे थांबविली, तेव्हा प्रतिकारक्षम वंश मागे पडले. पण वापर सुरू होताच पुन्हा बळावले. कार्बेन्डाझिमच्या गटात एवढाही दिलासा नाही, कारण हा बदल बुरशीला फारसा जड जात नाही.

तेव्हा विश्रांतीच्या भरवशावर राहणारा शेतकरी पाला गमावतो, आणि पाला गळाला की शेंग पोसत नाही. मॅन्कोझेब व क्लोरोथॅलोनिल बुरशीच्या अनेक जीवनक्रियांवर एकदम घाव घालतात, म्हणून त्यांचा गुण टिकतो. मात्र पानात शिरलेला रोग त्यांनी हटत नाही. ती वेळेवरच फवारावी लागतात. मागील पिकाचा पाला खोल नांगरून गाडणे व पिकांची फेरपालट करणे यांस तर पर्यायच नाही.

कार्यकर्त्याने एक अरुंद पट्टा न फवारता राखावा व दहा-बारा दिवसांनी तुलना करावी. दोन्हीकडे ठिपके सारखेच असतील, तर प्रथम पंपाची तोटी, औषधाचे माप व त्या दिवशीचा पाऊस यांची चौकशी करावी. औषधास दोष त्यानंतर द्यावा.