संघ कोणाचा?

आपली वस्तु हरवली तर माणूस हळहळतो, हें स्वाभाविकच आहे. परंतु जी वस्तु कायद्यानें कधींच आपली नव्हती, ती तिच्या धन्यानें दुसऱ्यास दिली म्हणून लक्षावधि लोक हळहळतात, रागावतात, प्रसंगीं रस्त्यावर येतात, हा प्रकार एका पिढीमागें आपल्याकडे फारसा कोणाच्या पाहण्यांत नव्हता. आतां तो घरोघर दिसतो. एखादा क्रीडासंघ आपला लाडका खेळाडू दुसऱ्या संघास देऊन टाकतो, किंवा त्याच्या हातचें कर्णधारपद काढून नव्या माणसास देतो. आणि त्या दिवशीं पुष्कळ घरांत मुलें अर्ध्या जेवणावरून उठतात. वडीलधारीं माणसें म्हणतात, "हा शुद्ध वेडेपणा आहे." मुलें म्हणतात, "तुम्हांला त्यांतलें कांहीं कळत नाहीं." या दोन वाक्यांच्या मध्यें सत्य कोठें तरी असावें. त्याचाच आज थोडा विचार करूं.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर या विषयाचें ठळक उदाहरण 'मुंबई इंडियन्स' या क्रिकेट-संघाचें. इंडियन प्रीमियर लीग ही स्पर्धा २००८ सालीं सुरू झाली. तींतील संघ हे जिल्ह्याचे अथवा प्रांताचे प्रतिनिधि नव्हेत; धनिकांनीं पैसे मोजून घेतलेल्या त्या संस्था आहेत, आणि खेळाडू लिलावांत बोली लावून मिळविले जातात. रोहित शर्मा हा मुंबईचाच खेळाडू. पण पहिलीं तीन वर्षें तो हैदराबादच्या संघाकडून खेळत असे. २०११ च्या लिलावांत मुंबईनें त्यास घेतलें, २०१३ च्या हंगामाच्या मध्यावर रिकी पाँटिंगनें जागा सोडल्यावर कर्णधार केलें, आणि त्याच्या नेतृत्वाखालीं संघानें २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० अशीं ५ विजेतेपदें मिळविलीं. दहा वर्षें एकच माणूस पुढें उभा राहिला म्हणजे लोकांच्या मनांत संघ आणि माणूस हे दोन राहत नाहींत.

हार्दिक पंड्या हाहि मुंबई संघाच्याच आश्रयानें वर आलेला. २०१५ सालीं त्यास अवघ्या १० लाख रुपयांना घेतलेलें होतें. पुढें २०२२ मध्यें तो नव्यानें निघालेल्या गुजरात संघाचा कर्णधार झाला. पहिल्याच वर्षीं त्यानें तेथें विजेतेपद मिळविलें, आणि दुसऱ्या वर्षीं संघास अंतिम सामन्यापर्यंत नेलें. नोव्हेंबर २०२३ मध्यें दोन्ही संघांच्या धन्यांमध्यें व्यवहार होऊन तो मुंबईस परत आला; आणि १५ डिसेंबर २०२३ रोजीं रोहितच्या जागीं त्यास कर्णधार नेमल्याचें संघानें जाहीर केलें.

त्यावर मोठा गहजब झाला. कोणी संघाच्या टोप्या व सदरे जाळले. २४ मार्च २०२४ रोजीं अहमदाबादेस सामना झाला, तेव्हां तेथील प्रेक्षकांनीं हार्दिकची यथेच्छ हुर्यो उडविली. १ एप्रिल रोजीं वानखेडे मैदानावर, म्हणजे संघाच्या स्वतःच्या घरीं, तोच प्रकार. नाणेफेकीच्या वेळीं संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांस सभ्यपणें वागण्यास सांगावें लागलें. गंमत अशी कीं, अहमदाबादची तक्रार 'हा आम्हांस सोडून कां गेला' ही, आणि मुंबईची तक्रार 'हा आमच्याकडे कां आला' ही! एकाच माणसानें जाण्याचा आणि येण्याचा असे दोन अपराध एकदमच केले होते. त्या हंगामांत मुंबईनें १४ पैकीं ४ सामने जिंकले आणि १० संघांत शेवटचें स्थान पत्करलें.

हा प्रकार मुंबईंतच घडला असें नव्हे. २०११ च्या लिलावांत कोलकात्याच्या संघानें सौरव गांगुलीस घेतलें नाहीं, तेव्हां त्या शहरांत संतापाची लाट उसळली. तो पुढें पुण्याच्या संघाकडून खेळूं लागला. ५ मे २०१२ रोजीं पुण्याचा कर्णधार म्हणून तो ईडन गार्डन्सवर उतरला, आणि कोलकात्याच्या प्रेक्षकांत उभे दोन तट पडले: एक आपल्या शहराच्या नांवाचा, दुसरा आपल्या 'दादा'चा. कोलकाता ७ धावांनीं जिंकलें; पण शहर जिंकलें म्हणून हंसावें कीं दादा हरला म्हणून खिन्न व्हावें, हें अनेकांस ठरवितां आलें नसेल. पुण्याची कथा तर याहून विलक्षण. तेथला तो संघ २०१३ नंतर राहिलाच नाहीं. पुढें दोन वर्षांच्या मुदतीनें दुसरा संघ आला. त्यानें २०१७ सालीं महेंद्रसिंग धोनीचें कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथ यास दिलें, अंतिम सामना मुंबईकडून एका धावेनें गमावला, आणि मुदत संपतांच तोहि अंतर्धान पावला. ज्यांनीं त्या संघासाठीं घसे बसविले, त्यांच्याजवळ आज एखादा रंगीत सदरा तेवढा उरला असेल.

समुद्रापलीकडेहि हेंच. अमेरिकेंत खेळाडूंची अशी अदलाबदल फार जुनी. तेथें बहुधा खेळाडूची संमति विचारण्याचीहि रीत नाहीं. डॅलस शहराच्या बास्केटबॉल-संघास २०२४ सालीं अंतिम फेरीपर्यंत नेणारा लुका डॉन्चिच हा अवघा २५ वर्षांचा तरुण २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं एका रात्रींत लॉस एंजेलिसच्या संघास देण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं लोकांनीं क्रीडागृहाबाहेर शवपेटी आणून ठेविली, जणूं घरांतलें कोणी गेलें. पुढें कित्येक सामन्यांत, हा सौदा करणाऱ्या व्यवस्थापकास काढा, अशा घोषणा होत राहिल्या. ९ एप्रिल रोजीं डॉन्चिच परक्या संघाकडून डॅलसला खेळावयास आला, तेव्हां जुनीं दृश्यें पडद्यावर पाहून त्याच्या डोळ्यांस पाणी आलें, आणि लोकांनींहि त्याचा जयजयकार केला. नोव्हेंबर २०२५ मध्यें त्या व्यवस्थापकास संघानें दूर केलें. येथें लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, डॅलसकरांच्या रागाचा रोख मुख्यतः निर्णय घेणारावर होता. मुंबईकरांचा रोख नव्यानें आलेल्या माणसावर होता.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या वाक्याचा विचार करूं. हा शोक वेडेपणा आहे काय? मला तसें वाटत नाहीं. संघाचा धनी व्यापारी असला तरी तो आपल्या मालास शहराचें नांव देतो. 'मुंबई' हें नांव त्यानें विकत घेतलेलें नाहीं. तें शहराचें आहे. तें नांव सदऱ्यावर लिहून तो लोकांस म्हणतो, 'हा तुमचा संघ. याच्यासाठीं ओरडा, तिकिटें काढा, सदरे घ्या.' लोक तें खरें मानतात. मग मोठा निर्णय घेण्याची वेळ आली म्हणजे तोच म्हणतो, 'हा माझा व्यवहार. तुम्हीं मध्यें बोलूं नये.' घेतांना भक्ति आणि देतांना व्यापार, ही नीति सरळ नव्हे. घरचें भांडें विकतांना कोणास विचारावें लागत नाहीं; पण देवळांतील मूर्ति हलवावयाची तर गांवास विचारावें लागतें. संघ हा भांडें आणि मूर्ति यांच्या मधला कांहीं तरी पदार्थ आहे, आणि सगळा घोटाळा तेथेंच आहे.

कोल्हापुरांतील फुटबॉल ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हा भेद लवकर कळेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असे संघ उतरतात. हे संघ तालमींतून आणि पेठांतून उभे राहिले. खेळणारा पोर गल्लींतला, ओरडणारा चुलता गल्लींतला, आणि हरून आल्यावर रागें भरणारी आजीहि तेथलीच. आतां तेथेंहि बाहेरगांवचे, क्वचित् आफ्रिकेंतील खेळाडू येऊं लागले आहेत. तरी तालीम आपल्या जागीं असते. खेळाडू गेला तरी पेठ जात नाहीं. विकत घेतलेल्या संघास पेठ नसते. म्हणून त्याचा चाहता एका माणसाच्या मुखाकडे पाहून संघ ओळखतो. तें मुख दृष्टीआड झालें कीं त्यास वाटतें, आपलें सर्वस्व गेलें. या मुलांना हंसण्याचें कारण नाहीं. त्यांनीं आपलें प्रेम टेकविण्यास जो खांब धरला, तोच दुसऱ्यानें उपटून नेला आहे.

ही मुलांची बाजू झाली. आतां दुसरी बाजू. शोक खरा, पण तो ज्याच्या अंगावर ओतला गेला, त्याचा अपराध किती? निर्णय धन्याचा, आणि शिव्या नेमलेल्या माणसास, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

मी राहतों त्या नेसरींत निष्ठा या शब्दास विशेष वजन आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरनोबत प्रतापराव गुजर येथल्या खिंडींत अवघ्या ६ सोबत्यांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, आणि सातहि वीर कामास आले. तेथें त्यांचें स्मारक आहे. मुलें येतात, माथा टेकवितात. परंतु एक गोष्ट त्या मुलांना सहसा कोणी सांगत नाहीं. प्रतापराव हे स्वतः दुसऱ्याच्या जागीं आलेले होते. त्यांच्या आधींचे सरनोबत नेतोजी पालकर. त्यांचा लौकिक एवढा कीं लोक त्यांस प्रतिशिवाजी म्हणत. १६६६ सालीं पन्हाळ्याच्या मोहिमेंत ते वेळेवर पोंचले नाहींत म्हणून महाराजांनीं त्यांस दूर केलें. आणि ती जागा कुडतोजी गुजर यांच्याकडे आली, तेच प्रतापराव. नेतोजी शत्रूकडे गेले, आणि दहा वर्षांनीं, १६७६ मध्यें, स्वराज्यांत परत आले. एवढ्या मोठ्या नांवाच्या मागून येणें सोपें नव्हे. तरी १६७२ सालीं साल्हेरच्या विजयांत प्रतापरावांचा वाटा मोठा होता, आणि नेसरीच्या खिंडीनें तर त्यांस अमर केलें. आज 'नेतोजींच्या जागीं आलेला माणूस' म्हणून त्यांस कोणीहि ओळखत नाहीं. स्वराज्याचें रण आणि पैशाचा खेळ यांची बरोबरी मी करीत नाहीं. ती करणें म्हणजे त्या सात वीरांस कमीपणा आणणें होय. पण दुसऱ्याच्या जागीं आला एवढ्यावरून मनुष्य चोर ठरत नाहीं, इतका बोध घेण्यास हरकत नसावी.

तो बोध घरांतहि उपयोगी आहे. एकत्र कुटुंबांत कारभार एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो तेव्हां काय होतें, तें आपण पाहतोंच. कोठीच्या किल्ल्या धाकट्या जावेकडे आल्या, कीं मंडळींस एकाएकीं आमटी अळणी लागूं लागते. किल्ल्या देणारास कोणी बोलत नाहीं. घेणारीनें त्या मागितल्या नसल्या तरी तीच दोषी. अशा वेळीं घर सांवरतें तें थोरल्या जावेच्या एका वाक्यानें: "तिनें केलें तें मीच केलें असें समजा."

रोहित शर्मानें वानखेडेवर हेंच वाक्य हाताच्या खुणेनें सांगितलें. १ एप्रिलच्या त्या सामन्यांत सीमेजवळ क्षेत्ररक्षण करीत असतां, हुर्यो ऐकून त्यानें प्रेक्षकांस थांबण्याची खूण केली. ज्याच्या प्रेमापोटीं हा गोंगाट चालला होता, तोच तो नको म्हणत होता. पुढें २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस येथें विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकांत दक्षिण आफ्रिकेस १६ धावा हव्या होत्या. कर्णधार रोहितनें चेंडू हार्दिकच्या हातीं दिला. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादवनें सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला, आणि भारत ७ धावांनीं जिंकला. ४ जुलै रोजीं मुंबईंत मिरवणूक निघाली, आणि तीन महिन्यांपूर्वीं जेथें हुर्यो उडाली त्याच वानखेडे मैदानावर हार्दिकच्या नांवाचा जयघोष झाला.

येथें मुलें म्हणतील, 'पाहा, शेवट गोड झाला!' मला या गोडपणाचा थोडा संशय येतो. तो झेल सुटून चेंडू सीमेपार गेला असता तर? मग वानखेडेवरची हुर्यो न्याय्य ठरली असती काय? लोकांचा राग चुकीचा होता, तो हार्दिक पुढें जिंकला म्हणून नव्हे. तो हरता तरीहि तो राग चुकीचाच होता. विजयानें ज्याची क्षमा केली जाते, त्याच्यावरील अन्याय धुतला जात नाहीं. तो केवळ विसरला जातो, आणि पुढच्या माणसासाठीं शिल्लक राहतो.

पुढचा माणूस येणारच आहे. १५ नोव्हेंबर २०२५ रोजीं रवींद्र जडेजा चेन्नईहून राजस्थानास आणि संजू सॅमसन राजस्थानाहून चेन्नईस गेल्याचें जाहीर झालें. म्हणजे एकाच दिवशीं दोन शहरांनीं आपापला नायक गमावला. २०२३ च्या अंतिम सामन्यांत शेवटच्या दोन चेंडूंवर षट्कार व चौकार मारून जडेजानें चेन्नईस विजेतेपद दिलें होतें. असे सौदे दर वर्षीं होतील, आणि आपल्या घरांतलीं मुलें दर वर्षीं रडतील.

तेव्हां वडीलधाऱ्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, मुलास वेडा म्हणूं नये. त्यास जवळ बसवून विचारावें, 'हा निर्णय कोणी घेतला?' उत्तर त्याला ठाऊक असतें. मग सांगावें, 'जो गेला त्याच्यावर तुझें प्रेम असेल तर तें त्याच्याबरोबर जाऊं दे; दुसऱ्या रंगाचा सदरा घालून त्यानें मारलेला षट्कारहि षट्कारच असतो. धन्याचा निर्णय पटला नाहीं, तर तसें स्पष्ट बोल. त्याचें तिकीट घेऊं नको, त्याचा सदरा घालूं नको. तो तुझा हक्क आहे. पण जो नवा आला, त्यास पहिलें षटक तरी शांतपणें टाकूं दे.'

संघ कोणाचा, याचा निकाल धन्याच्या दप्तरांत लागेल. आपल्या तोंडून काय निघावें, याचा निकाल मात्र दुसऱ्या कोणाच्या हातीं नाहीं. आणि तेवढा तरी आपण कोणाला विकूं नये.