पाऊण किलो बाजरी आणि डेटा सायंटिस्ट

जयपूरच्या टोंक रस्त्यावर गोपालपुरा आणि दुर्गापुरा ही ठिकाणे एकमेकांच्या शेजारीच आहेत. गोपालपुऱ्यात शिकवणी वर्गांच्या पाट्यांची दाटी आहे, तर दुर्गापुऱ्यात राजस्थान कृषी संशोधन संस्था. याच रस्त्याने दक्षिणेकडे जात राहिले की चाकसूचा बाजरीचा मुलूख लागतो. डेटा सायंटिस्ट होऊन शेती आणि अन्नाच्या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची वाट नकाशावर इतकी सरळ आहे. पण त्याला दाखवली जाणारी वाट गोपालपुऱ्यातच संपते. पायथन शिका, आयता विदासंच उतरवून घ्या, पानांच्या छायाचित्रांवरून रोग ओळखणारे प्रारूप तयार करा आणि परिचयपत्रात ‘कृषी’ हा शब्द लिहा, एवढाच तिचा पल्ला.

ही वाट उलट्या टोकाने सुरू होते. शेतीतील आकडा विळ्याने आणि तराजूने जन्माला येतो. संगणकापर्यंत तो फार नंतर पोहोचतो. त्याच्या जन्मस्थळी कधीच न गेलेल्या माणसाच्या हाती त्या आकड्याचा अर्थ लावण्याचे काम सोपवणे हा विज्ञानाशी आणि शेतकऱ्याशीही केलेला अन्याय आहे.

हे भावनेने केलेले विधान नव्हे. साधे गणित आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरते ती त्या विमा घटकातील सरासरी उत्पादनावरून, आणि ते उत्पादन मोजले जाते पीककापणी प्रयोगांनी. शेतात पाच मीटर बाजूचा चौरस आखायचा, त्यातील पीक कापायचे, मळायचे, धान्य तोलायचे. हा तुकडा २५ चौरस मीटरांचा. हेक्टर १०,००० चौरस मीटरांचा. म्हणजे तुकड्यातील प्रत्येक किलो हेक्टरी ४०० किलो होऊन कागदावर उतरतो. समजा, बाजरीचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १,००० किलो आहे आणि दुष्काळात प्रत्यक्षात ७०० किलोच पिकले. शेतकऱ्याला विमा संरक्षित रकमेच्या ३० टक्के भरपाई मिळायला हवी. पण दर तुकड्यात पाऊण किलो धान्य जास्त तोलले गेले, तर उत्पादन १,००० किलो दिसते आणि भरपाई शून्य होते. गावातील चारही प्रयोगांत चूक त्याच दिशेने झाली, तर सरासरी काढूनही ती नाहीशी होत नाही. पाऊण किलोत एका गावाचा हंगाम बुडतो.

संख्याशास्त्रात या एकाच दिशेला झुकलेल्या चुकीला अभिनती म्हणतात. ती शेतात कशी शिरते, हे दाखवून देण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकले आणि १९३६ मध्ये लंडनहून संख्याशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतले. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत ते पीककापणीच्या कामात शिरले. अगदी लहान तुकडे कापले तर उत्पादन फुगून दिसते, हा त्यांचा निष्कर्ष १९४६ मध्ये ‘नेचर’ने छापला. कारण शेतात उभे राहिल्याशिवाय सुचणारे नाही: कापणाऱ्याचा हात सीमेवरचे रोप सहसा आत घेतो. एक चौरस मीटरच्या चौरसाला चार मीटर सीमा असते. २५ चौरस मीटरच्या चौरसाला २० मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागे ०.८ मीटर. लहान तुकड्यात सीमेचा वाटा पाचपट, म्हणून फुगवटाही अधिक. तुकड्यांच्या आकारावरून सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात तीव्र वाद झाला. पण आकडा शेतातच मोजायचा, याबद्दल दोघांत दुमत नव्हते. विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांचा शेतीतील संख्याशास्त्रावरचा ग्रंथ १९५४ मध्ये आला आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. शेतात मोजमाप करणारे हेच सुखात्मे १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जगातील भूक मोजण्याच्या कामाला लागले. डेटा सायंटिस्टच्या शेती-अन्नाकडील प्रवासाचा याहून चांगला नमुना दुसरा कुठला शोधायचा?

यावर उत्तर ठरलेले असते: आता उपग्रह आहेत. खरेच आहेत. २०२३ पासून भात आणि गव्हाच्या विमा उत्पादनात तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचे धोरण आले. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,८१७ कोटी रुपयांचे डिजिटल कृषी अभियान मंजूर केले. परंतु उपग्रह किलो मोजत नाही. तो परावर्तित प्रकाश मोजतो. त्या प्रकाशाचे किलोत रूपांतर करणारे प्रारूप शिकते ते पीककापणीच्याच आकड्यांवरून. तराजूत अभिनती असेल, तर प्रारूप ती चूक निष्ठेने शिकते आणि हजारो गावांत पसरवते. विदा वाढली की यादृच्छिक चूक घटते. अभिनती तशीच राहते, उलट तिला अचूकतेचा मुलामा मिळतो.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. विळ्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या पटवाऱ्याला गिरदावरीपासून निवडणुकीपर्यंत सारी कामे करावी लागतात, आणि प्रतिष्ठा मात्र पडद्यावरच्या आलेखाला मिळते. ज्या समाजात मोजणाऱ्यापेक्षा रंगवणारा मोठा ठरतो, तिथे हुशार मुले रंगवण्याकडेच वळणार.

म्हणून मागणी साधी आहे. शेतीसाठी डेटा सायंटिस्ट घडवू म्हणणाऱ्या प्रत्येक अभ्यासक्रमात एक पूर्ण हंगाम पीककापणीचा असावा. ओळखीचे तपशील वगळून प्रत्येक प्रयोगाचा मूळ आकडा संशोधकांना खुला असावा. आणि दिल्लीच्या भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत शिकवला जाणारा कृषी संख्याशास्त्र हा विषय दुय्यम पर्याय मानण्याचे थांबावे.

जयपूरच्या विद्यार्थ्याला यासाठी परदेशी जावे लागत नाही. टोंक रस्त्यावरची बस पकडावी, चाकसूला उतरावे आणि कापणीच्या दिवशी तराजूची दोन्ही पारडी आधी रिकामी असताना पाहावीत.