स्मरणशक्तीची गोळी मागण्याआधी एक कोरा कागद घ्या

कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरचे निकाल लागले की दवाखान्यात एक ठरावीक जोडी येऊ लागते. अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि सोबत आई नाहीतर वडील. मूल गप्प असतं, बोलतात पालक. "डॉक्टर, बारावीला चांगले ८५ टक्के होते. आता दोन विषयांत केटी लागली. वाचलेलं लक्षातच राहत नाही म्हणतो. स्मरणशक्तीची एखादी गोळी द्या."

अशी गोळी नाही. जाहिराती काहीही म्हणोत, निरोगी मुलाची स्मरणशक्ती वाढवणारं, भरवशाचं टॉनिक माझ्या माहितीत तरी नाही. तपासणी मात्र मी करतो, कारण थकवा आणि लक्ष न लागणं यामागे खरंच आजार असू शकतो. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवीन नाही. कधी थायरॉईड असतं, तर कधी फक्त चष्म्याचा नंबर वाढलेला असतो. पण बऱ्याच मुलांचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि मग खरी चौकशी सुरू होते.

"अभ्यास कसा करतोस?"
"वाचतो."
"एक धडा किती वेळा?"
"तीन-चार वेळा."
"मग आता पुस्तक न बघता त्यातलं पाच मिनिटं सांग बरं."

इथे बहुतेक मुलं आईकडे बघतात.

ही मुलं आळशी नसतात, ढ तर नसतातच. बारावीपर्यंत त्यांचं मोजमाप दुसरं कोणीतरी करत होतं. क्लासची दर रविवारची टेस्ट, सरांचा फोन, उशाशी चहा घेऊन उभी राहिलेली आई. एफवायला आल्यावर हे सगळं एका झटक्यात बंद होतं. कित्येकांचा गाव सुटतो, मराठीतून शिकलेल्याला सगळं इंग्रजीत येतं, होस्टेलच्या खोलीत रात्री दोनला दिवा बंद होतो. आपलं कसं चाललंय हे सांगणारं कोणी उरत नाही, आणि ते स्वतःचं स्वतः कसं ओळखायचं हे कोणी शिकवलेलंही नसतं.

काही कॉलेजं सुरुवातीला एक आत्मपरीक्षणाचा फॉर्म भरून घेतात. 'मी वेळेचं नियोजन करतो: नेहमी, कधीकधी, कधीच नाही.' सगळे 'कधीकधी'वर खूण करून मोकळे होतात. माझ्या मते अशा फॉर्मचा उपयोग फाइल जाड होण्यापुरताच आहे.

माझे काही पेशंट छातीठोकपणे सांगतात, "डॉक्टर, माझं बीपी वाढलं की मला बरोबर कळतं." पट्टा बांधला की १७० निघतं. रक्तदाब आतून जाणवेलच असं नाही, तो मोजावा लागतो. अभ्यासाचंही तसंच. आपल्याला येतंय असं वाटणं आणि खरंच येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे प्रयोगातूनही दिसलं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिके यांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, तर लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. यातली गंमत अशी की 'आपल्याला हे चांगलं लक्षात राहील' असा जास्त विश्वास वाचणाऱ्यांनाच होता! पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचं वाटतंय म्हणजे येतंय, अशी आपली समजूत होते.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी आम्ही होस्टेलवर हाडं घेऊन बसायचो. डोळे मिटायचे, मित्राने हातात दिलेलं हाड चाचपायचं आणि ते कोणतं, उजवं की डावं, ते सांगायचं. याला शास्त्रीय आधार आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? पण ती हाडं आजही डोळ्यांपुढे येतात.

आता पुढचं मुलांसाठी. एक साधी वही करा. धडा वाचून झाला की पुस्तक मिटा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी अंदाज लिहा: 'मला यातलं दहापैकी इतकं येतंय.' मग दहा मिनिटं आठवेल ते कागदावर उतरवा. आकृती, सूत्र, व्याख्या, मोडक्यातोडक्या इंग्रजीत किंवा मराठीत, कसंही. मग पुस्तक उघडून तपासा आणि अंदाजाशेजारी खरे गुण लिहा. पहिल्या आठवड्यात अंदाज आठ आणि गुण तीन असं येईल. वाईट वाटेल. पण ते परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा आपल्या खोलीत कळलेलं बरं. जे सुटलं तेवढंच पुन्हा वाचा, आणि तोच धडा दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, पुन्हा कोऱ्या कागदावर काढा. किती तास बसलो याची नोंद नको. तासांनी फक्त पाठ दुखते.

त्याच वहीत रोज आणखी दोन आकडे लिहा: झोप किती झाली, आणि मोबाइल किती वेळ पाहिला. दुसरा आकडा मोबाइलच्या सेटिंगमध्ये मिळतो, अंदाजाने लिहू नका. तुमच्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, आणि दिवसा शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम त्या झोपेतच होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन मध्यरात्रीनंतरही अंगात असू शकतं, हेही लक्षात ठेवा.

पालकांना एक विनंती, आणि ती मी जरा कडक आवाजातच करतो. ही वही तपासू नका. डायबेटिसचे काही पेशंट मला खूश करायला डायरीत साखरेचे छान छान आकडे लिहून आणतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सीची तपासणी केली की खरं बाहेर येतं. रागावणारं कोणी असलं की माणूस आकडे सजवतो. तुमचं मूलही सजवेल, आणि मग त्या वहीचा कोणालाच उपयोग नाही. चौकशी करायचीच असेल तर 'आज काय शिकलास, मला समजेल असं सांग' म्हणा आणि शांतपणे ऐका. आतेभावाचे मार्क मध्ये आणू नका.

मात्र सगळंच वहीने सुटत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास असेल, आवडत्या गोष्टींतूनही मन उडालं असेल, जेवण-झोप बिघडली असेल, मित्रांना टाळत असेल, तर तो अभ्यासाच्या सवयीचा प्रश्न नाही. त्याला आपल्या डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. 'जगून काय उपयोग' असं एकदा जरी बोललं, तरी ते नाटक समजू नका. त्याच दिवशी मदत घ्या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.