पॅकेज वसूल

तर झालं असं, की गेल्या डिसेंबरात आई-दादांच्या लग्नाला ३५ वर्षं झाली. (आमच्याकडे वडिलांना दादा म्हणतात.) ताईने आणि मी ठरवलं, की या वेळी साडी-घड्याळ बास, काहीतरी लक्षात राहील असं करू. आमचं गाव संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठाला. शिर्डी-शनिशिंगणापूर म्हणजे अंगणच. तिरुपती झालेलं. काशीचं नाव काढलं की दादा म्हणतात, "एवढ्यात नको." मग बायकोने सुचवलं, मुंबई-गोवा क्रूझ. दोन रात्री, तीन केबिन, सहा माणसं. आई-दादा, ताई-दाजी आणि आम्ही दोघं.

मुंबई-गोवा बोट ही कोकणातल्या लोकांना काही नवीन नाही. रस्ते धड नव्हते तेव्हा त्यांच्या पिढ्याच्या पिढ्या बोटीनेच गावाला गेल्या. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं जुन्या लोकांच्या तोंडी अजून येतात. मग बरीच वर्षं काही नव्हतं. २०१८ साली 'आंग्रिया' सुरू झाली, २०२१ साली कॉर्डेलिया कंपनीची मोठी बोट आली. आम्ही मात्र पक्के घाटावरचे. आमच्या दृष्टीने पाणी म्हणजे कॅनॉलचं आवर्तन! दादांनी समुद्र पाहिला होता तो एकदाच, तोही कारखान्याच्या सभासदांच्या सहलीत.

बुकिंग करताना सगळं छान चाललं होतं. जेवण धरलेलं, रात्रीचा शो धरलेला. आणि अगदी खाली एक छोटासा चौकोन, टिक करायला. ड्रिंक्स पॅकेज. एकदा पैसे भरा, मग हवं तेवढं प्या.

मी इंजिनिअर माणूस. चौकोन दिसला की एक्सेल उघडतो.

दर सीझनप्रमाणे आणि बोटीप्रमाणे बदलत असतात, म्हणून इथे हिशोबाला सोपे पडतील असे आकडे धरतो. समजा पॅकेज माणशी एका रात्रीला ३,००० रुपये. कर आणि सेवाशुल्क मिळून वर १८ टक्के, म्हणजे ३,५४०. दोन रात्रींचे ७,०८०. सुटं घेतलं तर बिअर किंवा एक पेग ५०० रुपये, अधिक तेच १८ टक्के, म्हणजे ५९०. आता भागाकार करा. ७,०८० भागिले ५९०, बरोब्बर १२. दोन रात्रींत १२ ग्लास झाले की पॅकेज वसूल. तेरावा फुकट.

आता माणसं. आई-दादा माळकरी, शून्य. ताई शून्य. बायको एखादं मॉकटेल घेईल. मी दोन बिअरमध्ये झोपतो. चार-पाच रकाने लालेलाल. राहिले दाजी.

दाजी राहुरीचे. स्वभावाने लाख माणूस. आमच्या लग्नात मांडवापासून आचाऱ्यापर्यंत सगळं त्यांनी एकट्याने ओढलं. पण प्यायला बसले की बसले. दोन रात्रींत १२ म्हणजे त्यांच्यासाठी काही विशेष नाही. त्यांचा रकाना हिरवा झाला. मी खूश. त्यांचंच पॅकेज घ्यायचं, बाकीच्यांचं सुटं. स्वस्त पडतंय!

त्या रात्री दाजींचाच फोन. "काय पाव्हणं, पॅकेज घेतलं का नाय? घ्या की. वसूल करून दाखवतो." दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन. ऑफिसच्या वेळेत ती कधी करत नाही. म्हणाली, "अरे, एक सांगू का, ते पॅकेज नको घेऊस. यांचं जरा कमी झालंय. आठ महिने झाले, फक्त शनिवारी घेतात. तिथं पैसे भरलेत म्हटल्यावर हे सकाळपासून बसतील. आणि मी फोन केला हे त्यांना सांगू नकोस."

फोन ठेवला आणि एक्सेल परत उघडलं. तो हिरवा रकाना बघून मला स्वतःचीच लाज वाटली. १२ ला वसूल होतं, एवढंच मला दिसलं होतं. वसूल व्हायला १२ प्यावे लागतात, हे दिसलं नव्हतं. आकडा तोच. पण माझ्या शीटमध्ये ती बचत होती आणि ताईच्या घरात आठ महिन्यांच्या कष्टाची माती.

या लेखाचा मुद्दा एवढाच आहे, पण तो जरा नीट मांडतो.

सगळं एकत्र, एकदाच पैसे, ही कल्पना आपल्याला काही परकी नाही. इंजिनिअरिंगला असताना महिन्याची मेस लावायचो. चार पोळ्या खा नाहीतर दहा, पैसे तेवढेच. पण तिथे एक फार सुंदर व्यवस्था होती: खाडे. गावाला गेलात, आधी सांगितलंत, की तेवढ्या दिवसांचे पैसे वजा. मेसवाल्या काकू वहीत लिहून ठेवायच्या. म्हणजे न खाल्ल्याचंही मोल होतं. क्रूझच्या पॅकेजमध्ये खाडा नाही. तुम्ही लाटांनी आडवे झालात, रात्रभर केबिनमध्ये ओकत पडलात, तरी मीटर चालूच.

दुसरं उदाहरण हुरड्याचं. थंडी पडली की आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण जीभ वळायला वेळ लागतो) शेताशेतात हुरडा पार्टीचे बोर्ड लागतात. 'अनलिमिटेड हुरडा.' माणशी ठरावीक पैसे द्या आणि आगटीजवळ बसून हवा तेवढा खा. गरम गुळभेंडी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं, ऊस. पुण्याची मंडळी येतात, पहिल्या दहा मिनिटांत तुटून पडतात आणि पाऊण तासात हात वर करतात. हुरडा जड. पोट स्वतःच 'बास' म्हणतं. शेतकऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून त्याला अनलिमिटेड परवडतं आणि खाणाऱ्याचंही काही बिघडत नाही.

दारूचं नेमकं उलटं आहे. तिथे 'बास' म्हणणारा जो भाग आहे, तोच तिसऱ्या पेगला पहिल्यांदा झोपतो.

परदेशी कंपन्यांना हे चांगलं माहीत आहे. अमेरिकेतल्या कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये दिवसाला १५ मद्यांची मर्यादा असते. 'अनलिमिटेड' विकणाऱ्याला लिमिट घालावी लागते, यातच सगळं आलं. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांची आणखी एक अट असते, एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. आमच्या बुकिंगला ती अट नव्हती. असती तर ताई-दाजींचे मिळून १४,१६० झाले असते आणि ताई पीत नाही म्हणून वसुलीसाठी दाजींना एकट्याने २४ ग्लास रिचवावे लागले असते! आणि हा धंदा किरकोळ नाही. २०२३ साली रॉयल कॅरिबियनच्या उत्पन्नातला साधारण ३१ टक्के आणि कार्निव्हलच्या उत्पन्नातला ३५ टक्के वाटा तिकिटांबाहेरचा होता. म्हणजे दारू, कॅसिनो, सहली, खरेदी वगैरे. तिकीट म्हणजे नुसतं दार.

बरं, माणूस असे एकरकमी सौदे करताना चुकतो का? चुकतो, आणि बहुतेक वेळा स्वतःबद्दलच्या अंदाजातच चुकतो. डेलाव्हिन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक गाजलेला पेपर आहे, जिमबद्दलचा. महिन्याला ७० डॉलरच्या वर भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जिमला जायचे. म्हणजे एका फेरीला १७ डॉलर. तिथेच दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर एक फेरी १० डॉलरला पडली असती. जिमचं पॅकेज घेताना आपण स्वतःला असतो त्यापेक्षा जास्त उत्साही समजतो. (मीही तिथलाच सभासद. :-))

जिमचे पैसे बुडाले तर फक्त पैसे बुडतात. दारूच्या पॅकेजमध्ये पैसे बुडू नयेत म्हणून जे करतो त्याने जास्त बुडतं. रोजच्या डेटाचंच बघा ना. दीड जीबी मिळतो, रात्री अकराला थोडा उरलेला असतो, तर माणूस झोपायचं सोडून 'संपवायचाय' म्हणून व्हिडिओ बघत बसतो. जे पैसे कधीच गेले ते परत मिळवायला आपण झोप देतो. बोटीवर लिव्हर देतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की 'वसूल व्हायला किती लागतील' हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न असा विचारा: प्रत्येक ग्लासला पाकिटातून ५९० रुपये काढून द्यावे लागले तर मी किती पिईन? तो आकडा प्रामाणिकपणे लिहा आणि गुणाकार करा. उत्तर पॅकेजपेक्षा जास्त आलं तर घ्या बिनधास्त. कमी आलं तर मधला फरक म्हणजे तुम्ही केवळ पैसे भरलेत म्हणून पिणार असलेली दारू. आणि तासही मोजा. दोन रात्री म्हणजे दोन दिवस नव्हेत. दुपारनंतर चढायचं, शेवटच्या सकाळी उतरायचं, मधे झोप, मधे गोव्याला उतरून फिरणं. हाताशी उरतात मोजके तास.

पॅकेजच्या बाजूनेही बोलायला हवं. मुलं बरोबर असतील आणि दर अर्ध्या तासाला ज्यूस मागणार असतील, तर बिनदारूचं पॅकेज सोयीचं पडू शकतं, हिशोब तोच करा. शिवाय सुट्टीत सारखं पाकीट काढायचा कंटाळा येतो, मन हलकं राहतं, हा फायदाही खरा आहे. फक्त ज्या माणसाला पाकीट काढताना लागणारा तो एक मिनिटच सावरून धरतोय, त्याच्यासाठी हीच सोय घातक आहे.

राहता राहिला अवघड प्रश्न. दाजी पन्नाशीला टेकलेले नसले तरी जाणते आहेत. त्यांच्या ग्लासाचा निर्णय घेणारा मी कोण? यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी त्यांना फोन करून सरळ सांगितलं, "दाजी, मी पॅकेज घेतलेलं नाही. परवडत नाही असं नाही, पण मला ते बरोबर वाटलं नाही. तुम्हाला हवं असेल तर बोटीवर घेता येतं." ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "बरं. कंजूष आहात तुम्ही." ताईचं नाव मी काढलं नाही.

आमच्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दारूचं दुकान बंद, ही सोय आपल्या राज्यात आहे. पण घरात असं मतदान कोण घेणार? ताईचा तो दुपारचा फोन म्हणजे एका मताची आडवी बाटली होती. ती मोजायला मी एकटाच होतो.

प्रवास झकास झाला. आईने डबाभर चिवडा आणलेला. दादांना बोटीवरचा पिशवी बुडवायचा चहा अजिबात पटला नाही, पण तो फुकट आहे कळल्यावर चार कप घेतले. पहिल्या संध्याकाळी सूर्य बुडताना दोघं कठड्याला धरून शेजारी शेजारी उभे होते, एक शब्द न बोलता. तो फोटो मी कुठेच टाकलेला नाही.

दाजी पहिल्या रात्री काउंटरवर जाऊन पॅकेजची चौकशी करून आले. मी लांबून बघत होतो. परत आले, एक बिअर घेतली, पावतीवर सही केली आणि आमच्यात येऊन बसले. दोन रात्रींत एकूण पाच झाल्या. शेवटच्या सकाळी बिल बघून म्हणाले, "पाचाचे दोन हजार नऊशे पन्नास? राहुरीत यात महिना निघाला असता!" ताई काहीच बोलली नाही. तिने आईकडे चिवड्याचा डबा मागितला.

दाजी सुधारले वगैरे असं काही मी सांगणार नाही. त्यांचा शनिवार चालू आहे. पण तो अजून फक्त शनिवारच आहे, असं ताई परवा म्हणाली.

असो. मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायचेत. 'वसूल' करण्याच्या नादात तुम्ही कधी काय घालवलंत, ते जरूर कळवा. पुढच्या शनिवारी भेटूच.